कोठा, घर अन् विहीर : लाइन गेल्यावर कोणता प्रोटोकॉल जगतो?

संत्राबाग | ऑक्टोबर, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यात आमचं गाव, संत्र्याचा पट्टा. घर गावात, बाग आणि विहीर गावाबाहेर. सरळ रेषेत मोजलं तर साधारण नऊशे मीटर. मधे दोघांची तूर, नाल्याकाठच्या बाभळी आणि मग आमचीच झाडं.

मोटर पाच एचपीची, थ्री फेज. लाइनची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीची असली की बाबा दोन वाजता टॉर्च घेऊन निघतात. रोही, रानडुकरं, विंचूकाटा सगळं आहेच. मोबाइल स्टार्टर बसवलेला आहे, कॉल केला की मोटर सुरू होते. पण गावाची लाइन गेली की तासा-दोन तासांत टॉवरही झोपतो, आणि मग कॉल लावायचा कुठे?

घरात गेल्या दिवाळीला सहा वाय-फाय स्विच लावले. ते थेट कंपनीच्या सर्व्हरशी बोलतात. इंटरनेट गेलं की उठून भिंतीवरचं बटण दाबायचं, म्हणजे पुन्हा पहिल्यासारखंच. आईने विचारलं, "मंग याचे पैसे कायले देल्ले?" उत्तर नव्हतं.

आता उपकरणांनी एकमेकांशी बोलायच्या प्रोटोकॉलची झिगबी, झेड-वेव्ह, थ्रेड, मॅटर, लोरा ही नावं वाचून डोकं भणभणलंय. एकच कोणतं तरी निवडून घर, गुरांचा कोठा आणि विहीर तिन्ही जोडायचंय. कोणतं घेऊ?

माडाखाली | रात्री ११.१५

आमच्याकडे सिग्नलला माड आडवे येतात, तुमच्याकडे तूर. बसलो आहे वाचत.

पॅकेटमोजणी | रात्री ११.४०

मूळ अकोल्याचा, सध्या पुण्यात, पोटासाठी नेटवर्कचंच काम.

'एकच कोणतं तरी' इथेच गाडी अडते. ही नावं एका रांगेत उभी करता येत नाहीत. झिगबी आणि थ्रेड दोन्ही ८०२.१५.४ या एकाच जातीच्या रेडिओवर, २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, पण वरची बोली निराळी. म्हणून एका घरात राहूनही एकमेकांना ओळख देत नाहीत. मॅटर हा तर रेडिओच नाही. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ ची; तो वाय-फाय, इथरनेट किंवा थ्रेडच्या पाठीवर बसून जातो. त्याचा एक गुण तुमच्या आईंना आवडेल: हुकूम घरातल्या घरात फिरतो, बाहेरच्या सर्व्हरला विचारायला जात नाही. झेड-वेव्हची वारंवारिता देशागणिक बदलते. भारतात ८६५.२, युरोपात ८६८.४, अमेरिकेत ९०८.४ मेगाहर्ट्झ. अमेरिकेतून मेव्हण्याने आणलेला स्विच इथे मुका. सोडा तो.

नऊशे मीटरला या चौघांतलं एकही कामाचं नाही. मेशमध्ये एकाने दुसऱ्याकडे निरोप द्यायचा असतो. तुमच्या वाटेत निरोप घ्यायला उभं कोण आहे? तुरीत प्लग खोचणार का? घराला एक आणि विहिरीला दुसरं, हे आधी मान्य करा.

आणि प्रत्येक वस्तू घेताना रेंज नंतर विचारा. आधी दोनच गोष्टी विचारा: लाइन गेली की तू काय करतोस, आणि लाइन परत आली की काय करतोस? दुसऱ्याचं उत्तर डब्यावर लिहिलेलं नसतं.

तारेवरचा | दुसऱ्या दिवशी, सकाळी ६.२०

राजेहो, रेडिओच्या आधी स्टार्टरचं पाहा. तीस वर्सं झाली मोटरी जोडून रायलो.

डीओएल स्टार्टर म्हनजे एक हिरवं बटन, एक लाल. हिरवं दाबलं का कॉइल ओढते अन् मंग सोतालेच धरून ठेवते. लाइन गेली का कॉइल सुटते. लाइन परत आली तरी मोटर बंदच रायते, कोनी हिरवं दाबत नाई तोवर. बनवनाऱ्यानं अक्कल लावून ठेवली हाय थे. आपन काय करतो? त्याच्यावर ऑटो बसवतो. मंग लाइन आली का एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) साऱ्या मोटरी संगच उठतात, डीपी बसते, अन् ज्याच्याकडे ऑटो नाई त्याचीबी बाग तहानते.

तुमी रिले (हुकमावर उघडनारं-जुळनारं बटन) लावा तं दोन लावा. एक हिरव्याच्या समांतर, एक सेकंद दाबून सोडल्यासारखा. दुसरा लालाच्या मालिकेत, थो उघडला का मोटर बंद. मोटर धरून ठेवायचं काम कॉइलचंच राहू द्या, रिलेले सांगू नका. अन् बरेच ठिकानी कॉइल ४१५ व्होल्टची असते. तो लहान निळा रिले २५० चा, त्याले थेट तिथं खुपसाल तं चिकटून बसन. मधात बरा कॉन्टॅक्टर (जड कामाचा रिले) घ्या. मेन काढल्याशिवाय हात घालनं नाई. एक बोट गमावून बसलो हाव, म्हनून सांगतो.

संत्राबाग | सकाळी ७.०५

तारेवरचा भाऊ, हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. दोन रिले पक्के. घराचं काय करू? कोठा घराला लागूनच आहे, पण मधली भिंत टिनाची.

वर्गशिक्षिका | दुपारी ३.३०

घरातलं मी सांगते. चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून गाव. सासूबाई ऐंशीच्या पुढे, रात्री उठतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी झिगबी घेतलं. बोळीत हालचाल टिपणारा सेन्सर, न्हाणीपर्यंत दिवे.

पहिला धडा लाइन गेल्यावर मिळाला. झिगबीत बॅटरीवरचे सेन्सर दुसऱ्याचा निरोप पुढे नेत नाहीत, ते काम फक्त लाइनवरच्या प्लगचं आणि बल्बचं. माझा हब, म्हणजे सगळ्यांचे निरोप घेणारा मुख्य डबा, इन्व्हर्टरवर होता, मधले प्लग साध्या लाइनवर. म्हणजे पाटील जागा आणि कोतवाल झोपलेला. सेन्सरला कळतंय की आई उठल्या, पण सांगणार कुणाला? आता दोन प्लग मुद्दाम इन्व्हर्टरच्या वायरिंगवर ठेवलेत, त्यांना काहीही जोडलेलं नाही. ते फक्त निरोप वाहतात.

दुसरा धडा लाइन आल्यावर. पहाटे तीनला वीज परतली आणि घरातले सगळे स्मार्ट बल्ब एकदम लखलखले. बऱ्याच बल्बना जन्मजात तशीच सवय असते, कारण भिंतीवरच्या बटणानेही दिवा लागावा असा हेतू असतो. सासूबाईंना वाटलं चोर शिरले. बल्ब झिगबी ३.० चा असेल तर वीज आल्यावर बंद राहायचं की आधीच्याच स्थितीत, हे ठरवायची सोय बहुधा असते. ती शोधा.

तिसरं, चॅनेल. झिगबीचे चॅनेल ११ ते २६, आणि वाय-फाय त्याच २.४ मध्ये घोंघावतं. माझा राउटर वाय-फायच्या १ वर आणि झिगबी ११ वर, म्हणजे दोघं एकाच खाटेवर. झिगबी २५ वर नेलं. त्यापायी निम्मी उपकरणं पुन्हा जोडावी लागली, अख्खा रविवार गेला, वह्या तपासायच्या राहिल्या. तेव्हा सुरुवातीलाच ठरवा. हबची काडी यूएसबी ३ च्या खाचेत थेट खोचू नका, त्या खाचेचा गोंगाट नेमका २.४ च्या आसपास असतो. हातभर एक्स्टेंशन वायर लावून दूर ठेवा.

टिनातून २.४ जात नाही. टिनाला वळसा घालून, खिडकीपाशी एक प्लग.

संत्राबाग | दुपारी ४.१०

ताई, कोतवालाचं नेमकं कळलं. प्लग इन्व्हर्टरवर घेतो.

जुना_एक्स्चेंज | रात्री ९.००

दूरध्वनी खात्यात छत्तीस वर्षं काढली. वायरलेसच्या नादात तार विसरू नका, एवढंच सांगायला आलो होतो, पण लिहिता लिहिता मत बदललं. कसं ते वाचा.

आरएस-४८५ म्हणजे पीळ दिलेल्या दोन तारा. संथ वेगात बाराशे मीटर आरामात, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध. त्यावरची भाषा मॉडबस, १९७९ सालची. कितीतरी सोलर पंपांचे कंट्रोलर आणि वीजमीटर आजही तीच बोलतात. मास्टर विचारतो, स्लेव्ह उत्तर देतो, विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. उत्तर आलं नाही की दोष कुठे आहे ते तिथल्या तिथे कळतं. अशी शिस्त मला नव्या कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये दिसली नाही.

हिशोबाने तुमचे नऊशे मीटर तारेत बसतात. तरी तार टाकू नका. आपल्याकडे मृगाच्या आगेमागे विजा कशा कडाडतात ते तुम्हाला सांगायला नको. एवढं लांब तांबं वावरात म्हणजे विजेला घरापर्यंत वाट करून देणं. पहिल्या वळवाच्या पावसानंतर आम्ही एक्स्चेंजमधली जळालेली कार्डं टोपलीत भरत असू, आणि तिथे अर्थिंग, अरेस्टर सगळं होतं. शिवाय नांगर आहे, उंदीर आहेत, आणि धुऱ्यावर झटका मशीन असेल तर तेही आहे. त्याचा सेकंदाला एक ठोका समांतर तारेत उतरतो. पूर्वी अशा कुंपणाजवळून टेलिफोनची लाइन गेली की रिसिव्हरमध्ये टिक-टिक ऐकू यायची. न्यायचीच असेल तर फायबर न्या, काचेला विजेचं काही देणंघेणं नाही.

तार घर ते कोठा वापरा. टाकीची पातळी, चारा कापायच्या मशीनचा मीटर, एवढ्याला मॉडबस उत्तम.

जाता जाता: घरातल्याच वीजतारांतून निरोप पाठवायची युक्ती फार जुनी. १९७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये एक्स-टेन निघालं. एसीची लहर शून्यावरून जाते नेमक्या त्या क्षणी १२० किलोहर्ट्झचा ठोका द्यायचा. कल्पनेला मी आजही सलाम करतो. पण ज्या लाइनवर शेजारी वेल्डिंग आणि पलीकडे पिठाची गिरणी आहे, तिथे ते ठोके कोण ऐकणार?

झटपट | रात्री ९.२०

एवढा खटाटोप? फोर-जीचा स्टार्टर घ्या, विषय संपला.

संत्राबाग | रात्री ९.२५

दादा, टॉवर झोपतो म्हणूनच तर धागा काढला.

माडाखाली | रात्री ९.३०

धाग्यावर थ्रेडची चर्चा चालू आहे आणि कुणीही विनोद केला नाही. विदर्भाच्या संयमाला नमस्कार.

पॅकेटमोजणी | रात्री ११.५०

झटपट यांचं अगदीच चूक नाही, दुसरी वाट म्हणून मोबाइल स्टार्टर राहू द्या. पहिली वाट लोरा, म्हणजे लांब पल्ल्याचा रेडिओ.

८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून परवान्याविना खुला आहे, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. मॉड्यूल घेताना ९१५ लिहिलेलं उचलू नका, तो अमेरिकेचा पट्टा. अँटेना न लावता मॉड्यूल चालू करू नका, ट्रान्समीटर जळू शकतो. पाव लहरीची अँटेना जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची, तेव्हा खर्चाचं कारण सांगू नका.

लोरा संथ आहे, आणि संथ आहे म्हणूनच लांब जातो. १२५ किलोहर्ट्झच्या रुंदीवर स्प्रेडिंग फॅक्टर (निरोप किती ताणून पाठवायचा तो आकडा) ७ ठेवला तर सेकंदाला साडेपाच हजार बिट, १२ ठेवला तर तीनशेसुद्धा नाहीत. कॅमेऱ्याचं स्वप्न इथेच सोडा. 'मोटर लाव', 'लावली', 'फेज आहे' एवढ्यापुरता भरपूर आहे. तुम्ही ९ पासून सुरुवात करा.

आता तूर. दोन अँटेनांमधली वाट सुतासारखी सरळ रेष नसते, मधोमध फुगलेली असते, आपल्या वांग्यासारखी. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. तुमच्या अंतराला आणि या वारंवारितेला मधोमध त्रिज्या जवळजवळ नऊ मीटर येते, आणि त्यातला साठ टक्के भाग मोकळा हवा. म्हणजे सव्वापाच मीटर, वर तुरीचे दोन. दोन्ही टोकांना सातेक मीटरचा जीआय पाइप उभा करा. बुटका ठेवलात तरी आज चालेल, पण पावसात पानं भिजली की पॅकेट गळायला लागतील आणि तुम्ही मॉड्यूलला शिव्या द्याल.

लोरावॅनच्या, म्हणजे लोरावर उभारलेल्या मोठ्या जाळ्याच्या, मागे लागायची गरज नाही, साधा दोन टोकांचा लोरा पुरे. लोरावॅनच घ्याल तर विहिरीवरचं उपकरण क्लास सी हवं. क्लास ए आधी स्वतः बोलतं आणि मग क्षणभर कान उघडतं. 'बंद कर' हा हुकूम त्याच्या पुढच्या बोलण्यापर्यंत ताटकळतो. साध्या लोरात मात्र कुलूप तुम्हालाच लावायचं असतं. संदेश सांकेतिक करा आणि प्रत्येकाला चढता क्रमांक द्या. नाहीतर शेजाऱ्याने तेच मॉड्यूल आणि तोच नमुना कोड घेतला की त्याच्या हुकमाने तुमची मोटर उठेल.

संत्राबाग | जानेवारी, रात्री ९.४०

तीन महिन्यांनी येतोय. सांगायला लाज वाटते, पण तुम्ही एवढं लिहिलंत तर सांगायला हवं.

पाइप उभे केले. घरी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्यावर मॉस्किटो ब्रोकर (एमक्यूटीटी या बोलीतल्या निरोपांचं टपाल ऑफिस) आणि होम असिस्टंट (घर सांभाळणारा प्रोग्राम), सगळं इन्व्हर्टरवर. छतावर लोराचा गेटवे (ब्रोकर आणि लोरामधला दुभाष्या), विहिरीवर ईएसपी-३२ हा छोटा कंट्रोलर आणि लोरा, बारा व्होल्टच्या बॅटरीवर. तूर उभी असताना शंभरातली दोन-चार पॅकेट गळायची, पोच नाही आली की गेटवे पुन्हा पाठवायचा. सगळं झकास. डिसेंबरभर बाबा घरात झोपले.

मग अंबियाचा ताण सुरू झाला. बागायतदार नसलेल्यांसाठी: डिसेंबरपासून संत्र्याचं पाणी तोडतात, झाड मलूल होऊ देतात, मग पाणी दिलं की फुलं येतात. सगळा बहार त्या तहानेवर असतो. मोटर महिनाभर बंद ठेवायची होती.

गेल्या आठवड्यात गावाची लाइन सहा-सात तास गेली, इन्व्हर्टर बसला. पहाटे तीनला लाइन आली. रास्पबेरी पाय उठला, ब्रोकर उठला, गेटवे उठला. आणि ब्रोकरने गेटवेला मी चाचणीच्या वेळी पाठवलेला 'चालू' इमानेइतबारे देऊन टाकला. तेव्हा चालू पाठवताना 'जपून ठेव' सांगणाऱ्या रिटेनवर टिक होती, बंद पाठवताना नव्हती. विहिरीवर थ्री फेजची रात्रपाळी होतीच. सकाळी सातला बाबा वावरात गेले तेव्हा ठिबक चार तास चाललेलं होतं.

बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "मी रातच्याला जात होतो, पण न सांगता मोटर नाही लावली बा मी कधी."

पॅकेटमोजणी | रात्री १०.३०

वाचून पोटात गोळा आला. चूक माझीही आहे, रेडिओबद्दल पानभर लिहिलं आणि वरच्या थराबद्दल ओळसुद्धा नाही.

एमक्यूटीटी १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनसाठी लिहिलं गेलं. वाळवंटातल्या मापकांची खबर उपग्रहावरून आणायची, आणि तिथे प्रत्येक बाइटचे पैसे. मापकाची खबर रोज दहा वेळा येत नाही, म्हणून रिटेन: शेवटची खबर ब्रोकरने जपून ठेवावी आणि नव्याने येणाऱ्याला लगेच सांगावी. खबरीला हे उत्तम. हुकमाला घातक. 'मोटर बंद आहे' हे जपून ठेवा. 'मोटर लाव' हे कधीच नाही.

याच जातीचा दुसरा सापळा आहे. क्यूओएस १ (निरोप किमान एकदा पोचवायची हमी) आणि कायमचं सत्र ठेवलं तर उपकरण गैरहजर असताना आलेले हुकूम रांगेत थांबतात आणि ते उठलं की एकदम अंगावर येतात. २०१९ च्या पाचव्या आवृत्तीत संदेशाला मुदत घालता येते, ती तीस सेकंद ठेवा. क्यूओएस १ मध्ये तोच निरोप दोनदाही येऊ शकतो, म्हणून 'उलट कर' असा हुकूम नकोच. 'चालू' किंवा 'बंद' स्पष्ट लिहा.

आणि लास्ट विल वापरा. अक्षरशः मृत्युपत्र. गेटवे जोडतानाच ब्रोकरला सांगून ठेवतो की मी गेलो तर हे जाहीर कर. कीप-अलाइव्ह साठ सेकंद असेल तर दीडपट, म्हणजे नव्वद सेकंद वाट पाहून ब्रोकर ते वाचून दाखवतो. मात्र ते गेटवेपुरतं. विहिरीची हजेरी गेटवेने लोरावर स्वतः घ्यायची.

तारेवरचा | दुसऱ्या दिवशी, सकाळी ६.१०

भाऊ, लय वाईट झालं. पन एक इचारतो. रिले वाजला म्हनजे मोटर चालली, असं तुमच्या रास्पबेरी पायले कोनी सांगतलं? एक फेज गेला तं मोटर नुसती गुरगुरते अन् जळते. इहिरीत पानी नसलं तं फिरते पन ओढत नाई. वायरवर चिमट्याची सीटी (करंट मोजनारं कडं) लावा. पाच एचपी भरल्या लोडवर सात अँपिअरच्या आसपास घेते. लय कमी दिसलं तं कोरडी हाय, बंद करा. मोटर बंद सांगतली अन् करंट दिसला तं बोंब मारा. चार तास पानी चाललं, तुमच्या घरी एक दिवा तरी लागला का?

संत्राबाग | सकाळी ६.४०

नाही लागला. हाच प्रश्न बाबांनी विचारला होता.

वर्गशिक्षिका | सकाळी ७.१५

दादा, बहाराचं काय?

संत्राबाग | मार्च, रात्री ९.५०

ताई, ज्या दोनशे झाडांना पाणी गेलं त्यांच्यावर फूल विरळ आहे. बाकी बागेवर बरं आहे.

आता असं आहे. हुकमाला वेळ आणि क्रमांक दोन्ही. तीस सेकंदांपेक्षा शिळा असला की विहिरीवरचा ईएसपी तो फेकून देतो. तो उठला की मोटर बंदच, कुणी काहीही सांगितलेलं असो. स्थिती रिलेवरून नाही, सीटीवरून कळते. ताणाच्या दिवसांत मालिकेतला रिले तर उघडा असतोच, शिवाय तारेवरचा भाऊ फोनवर म्हणाले तसा स्टार्टरचा मेनही काढून ठेवायचा. त्याला कुठलाच प्रोटोकॉल लागत नाही.

बाबांना अॅप दिलं नाही. ओसरीत लाकडी फळीवर तीन दिवे लावलेत. पिवळा म्हणजे विहिरीवर थ्री फेज आली. हिरवा म्हणजे मोटर खरंच पाणी ओढतेय. लाल म्हणजे नव्वद सेकंद विहिरीची काही खबर नाही. खाली दोन बटणं, हिरवं आणि लाल, स्टार्टरसारखीच. आईसुद्धा दाबते.

माडाखाली | रात्री १०.०५

फळीचा फोटो आणि कोड टाका. आमच्याकडे नारळीच्या बागेत तेच लावतो.

संत्राबाग | रात्री १०.२०

उद्या टाकतो. आज रात्रीची पाळी आहे, आत्ताच पिवळा लागला. बाबा खाटेवरून उठलेत, बटण दाबायला. पायात चपला घातल्यात आणि टॉर्च हातात आहे.